कँटीनचं उलथनं आणि दोनशे किलो सनस्क्रीन

आधी नाव लिहितो, मग बाकीचं. कांबळे मॅडम. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा क्रीम-लोशनचा कारखाना आहे, तिथल्या लॅबच्या त्या प्रमुख. आमच्याकडे नुसतं ‘मॅडम’ म्हटलं की त्याच. दुसऱ्या कुणाला मॅडम म्हणायचं तर पुढे नाव जोडावं लागतं. त्या नसत्या तर आज मी सिंदेवाहीच्या पलीकडे, आमच्या गावात, बांधीत धानाला पाणी किती साचलं ते बघत बसलो असतो. ते काम काही वाईट नाही. पण मग या पानावर तुम्हाला दुसऱ्याच कुणाचं तरी वाचावं लागलं असतं.

माझं शिक्षण नववीपर्यंत. नववीत आधी गणितानं मला सोडलं, मग मी शाळेला सोडलं. विसाव्या वर्षी एका ठेकेदाराबरोबर इकडे आलो तो पिंप धुवायला. चंद्रपूरचा म्हणून पहिल्याच दिवशी माझं बारसं झालं, ‘चांदा’, आमच्या जिल्ह्याचं जुनं नाव. सुधाकर हे नाव आता फक्त पगाराच्या कागदावर आणि आईच्या फोनमध्ये उरलंय. बारा वर्षं झाली. आज मी मिक्सिंगचा ऑपरेटर आहे आणि स्वभावानं पहिल्याइतकाच भित्रा. वॉल्व्ह बंद केला की तीनदा बघतो. घरी गेल्यावर चौथ्यांदा बघायला फोन करतो.

सनस्क्रीन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या आईला अजून वाटतं मी साबण करतो. आमच्या शेडमध्ये तीन भांडी. एकात पाणी तापतं, एकात तेल. दोन्ही पंचाहत्तर डिग्रीला आली की तिसऱ्या मोठ्या भांड्यात ओतायची आणि घुसळायची. तेल-पाणी एकमेकाला धरून राहिलं तर क्रीम. नाही राहिलं तर दुसऱ्या दिवशी बाटलीत वर तेल, खाली पाणी, आणि मी लॅबच्या दारात.

ऊन अडवणारी जी वस्तू असते तिला फिल्टर म्हणतात. फिल्टरची दोन घराणी. एक जस्ताची पांढरी भुकटी. ती लावली की माणूस थेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. दुसरं रासायनिक. ते तेलात विरघळतं, अंगावर दिसत नाही, आणि ऊन आलं की ते स्वतः पिऊन त्याची बारीकशी ऊब करून सोडून देतं. यातलेच काही मधासारखे घट्ट असतात, आणि एक पिवळसर पीठ असतं, अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं. हे नाव जिभेवर बसायला मला दोन महिने लागले. कामाला एक नंबर, पण नखरे नवऱ्या मुलाचे. उन्हापासून लोकांना वाचवणार, स्वतः मात्र एकटं उन्हात टिकणार नाही, त्याला सोबतीला दुसरा फिल्टर द्यायचा. आणि लोखंडाशी त्याचं हाडवैर. लोखंड लागलं की नारिंगी, तांबूस व्हायला लागतं. म्हणून आमच्याकडे भांडी स्टेनलेसची, खरवडायला टेफ्लॉनची पट्टी, आणि पाण्यात चुकूनमाकून लोह असलंच तर ते धरून ठेवायला चिमूटभर एक पावडर. भिंतीवर पाटीसुद्धा आहे, ‘लोखंडी वस्तू आत आणू नये’. दर सोमवारी ती पाटी मीच पुसायचो.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. एक साहेब आले, त्यांना ‘एकही केमिकल नसलेलं’ सनस्क्रीन करून पाहिजे होतं. मॅडमनी त्यांच्यापुढचा पाण्याचा पेला हळूच बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, मग हेही चालणार नाही. आमच्या गेटवरचे सुभेदार निवृत्त फौजी. बर्फावर असताना त्यांना नाकाला क्रीम लावायचा हुकूम झाला होता. तो हुकूम कुणी मागे घेतला नाही, म्हणून ते आजही फक्त नाकालाच लावतात. सगळा चेहरा सातारी, नाक मात्र महाबळेश्वरचं.

पण सगळ्यांवर ताण म्हणजे तासगावचे आबा.

आबा द्राक्षबागायतदार. परदेशी माल पाठवणारे. त्यांच्या सूनबाई औषधनिर्माण शिकलेल्या. बागेत दिवसभर उन्हात राबणाऱ्या बायकांसाठी स्वस्तातलं सनस्क्रीन काढायचं असं त्यांच्या मनात होतं. कागदपत्रं त्यांनीच केली, आणि ऐन ऑर्डरच्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेल्या. म्हणून पांढरं धोतर, टोपी आणि हातात सूनबाईंच्या हस्ताक्षरातली वही अशा थाटात आबाच लॅबमध्ये येऊन बसले. वही त्यांनी उघडलीच नाही. त्यांचे प्रश्न त्यांच्या रोजच्या धंद्यातले होते. लिटरला प्रमाण किती? फवारायचं की पुसायचं? आणि मग, मान पुढे काढून, “आवं मॅडम, हे अंगावर मारल्यावर तोडणी किती दिवसांनी करायची?”

मी हसू दाबायला तोंडावर हात धरला. मॅडम हसल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, इतका बरोबर प्रश्न या खुर्चीत बसून आजवर कुणी विचारला नाही. औषध मारलं की ते मालात किती उरतं आणि किती उरलेलं चालतं, हे द्राक्षवाल्याला जेवढं कळतं तेवढं शहरातल्या क्रीमवाल्याला कळत नाही. आबांना काळजी दोन्हीकडची होती. बायकांच्या हाताचं क्रीम घडाला लागलं तर माल नापास होईल का, आणि बाईच्या अंगात काही उरेल का. मॅडमनी सांगितलं, तोंडाला, मानेला, कानाला लावा. घड धरायचा तो हात कोरडा ठेवा. दुसऱ्या काळजीचं उत्तर त्यांनी नंतर दिलं, बायकांसमोरच. ते पुढे येईल.

दोनशे किलोची ऑर्डर ठरली. बनवणार मी.

हे सगळं सात वर्षांपूर्वीचं. त्या महिन्यात पर्मनंटच्या यादीत माझं नाव लागलं होतं. पाच वर्षं ठेकेदाराच्या पोराचं जिणं काढल्यावर पर्मनंट म्हणजे काय, ते ज्याला लागू झालं त्यालाच कळतं. बाबांनी गावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी त्यांना म्हणत होतो, बाबा, अजून कागद हातात नाही. ते म्हणायचे, आता काय रायलं? तीन महिने हातून चूक झाली नाही म्हणजे झालं, एवढंच रायलं होतं.

चूक अशी झाली. तेलाच्या भांड्याच्या कडेला फिल्टरचं पीठ थिजून बसलं होतं. खरवडायची टेफ्लॉनची पट्टी नेमकी आदल्या दिवशी मोडलेली. नवी पट्टी मागायची तर स्टोअरला चिठ्ठी, चिठ्ठीवर सही, आणि ‘मोडली कशी’ हा प्रश्न. प्रश्नाला घाबरून मी कँटीनच्या मावशींकडं गेलो आणि भाकरीचं लोखंडी उलथनं मागून आणलं. घासून, धुऊन, पुसून. आत नेताना ते पाटीसमोरून शर्टाखाली लपवून नेलं, म्हणजे मला सगळं माहीत होतं. दोन हात मारले, तिसऱ्याला ते सटकलं आणि तेलात बुडालं. तेल तापलेलं, हात घालता येईना. चिमटा शोधून आणेपर्यंत गेली पंधरा-वीस मिनिटं. ते वर काढलं तेव्हा तवा-उलथन्याचा काळेपणा जाऊन स्वच्छ दिसत होतं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की काळेपणा गेला कुठं.

क्रीम तयार झालं. पांढरंच होतं. पण दुधाच्या सायीवर केशराची एखादी काडी पडून उचलून घ्यावी तसा एक भास. मी ते ट्यूबलाइटखाली धरलं, खिडकीशी धरलं, पाठीमागे लपवून पुन्हा समोर आणून बघितलं. लॅबमध्ये नमुना गेला. मॅडमना त्या दिवशी दुसऱ्या एका मालाची घाई होती. त्यांनी रंगाच्या रकान्यात खूण केली, सही केली. मला हायसं वाटलं.

पंधराव्या दिवशी आबा आले. वही नव्हती, खांद्यावर गोणपाटाचं पोतं. लॅबच्या टेबलावर त्यांनी ते उलटं केलं. आतून निघाले शर्ट. आमच्याकडे तुम्ही बघितलं असेल, बागेत, उसात कामाला जाणाऱ्या बायका साडीवरून घरच्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, उन्हापासून. तसे पांढरे शर्ट, अकरा. प्रत्येकाची कॉलर आणि कफ गेरूत बुडवल्यासारखे.

“बायका म्हणत्यात, ह्यानं अंगातलं रगात कापडात उतरतंय,” आबा म्हणाले. “तोडणी तोंडावर आलीय आन् एक बाई बागेत पाऊल टाकंना. मी काय त्यांच्यावर औषधाची ट्रायल घेतोय व्हय?”

मला तेव्हा समोर अकरा शर्ट दिसत नव्हते. एकच उलथनं दिसत होतं.

मॅडमनी एक कॉलर नाकाशी नेली, भिंगाखाली धरली आणि विचारलं, कपडे कोणत्या पाण्यात धुतात? बोअरच्या, आबा म्हणाले. पाईप कधीचा? आबांनी हात असा हवेत मागे टाकला की बहुतेक त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत पोचला. मग मॅडमनी गाडी मागवली आणि मला म्हणाल्या, चांदा, चल. माल तू केलायस, बायकांना तूच दाखव.

कराडमार्गे तासगावला निघालो. आबा त्यांच्या जीपमधून पुढं गेले होते. विट्याला स्टँडसमोर चहाला थांबलो. मॅडम ड्रायव्हरला सांगत होत्या, पाण्यात लोह असलं की हे पीठ कपड्यावर रंग धरतं, पाण्याचा दोष निघेल बघ. म्हणजे मी सुटलो होतो. एक शब्द बोलायची गरज नव्हती. पण मी कप तसाच बाकावर ठेवला. मी सांगितलं. पट्टी, मावशी, शर्टाखाली लपवलेलं, पडलं, वीस मिनिटं. ‘मॅडम, नोकरी जाईल माझी’ हे वाक्य मधे किती वेळा आलं ते माहीत नाही.

त्यांनी चहा संपवला. मग विचारलं, “ते उलथनं आता कुठंय?”

“कँटीनला परत दिलं.”

“म्हणजे पंधरा दिवस आपण सगळे त्याच्यावरची भाकरी खातोय.”

हसल्या म्हणावं तर तसंही नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या की आधी बायकांचं बघू, मग तुझं.

आबांच्या बेदाण्याच्या शेडसमोर दहा-बारा बायका उभ्या होत्या, पदर खोचून, कोर्टात आल्यासारख्या. त्यांची पुढारी हौसाबाई, साठीच्या आतबाहेरची. मॅडमनी दोन बादल्या मागवल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पिण्याच्या जारचं. पांढऱ्या फडक्याचे तुकडे केले, काहींना आमचं क्रीम लावलं, काहींना दुकानातून आणलेलं दुसरं, त्याच पिठाचं. साबण लावून धुवायचं काम हौसाबाईलाच दिलं, म्हणजे शंका नको. बोअरच्या पाण्यातून दोन्ही तुकडे तांबूस निघाले. बायकांत कुजबूज झाली. आबांनी बोअरकडे असं बघितलं की जणू चुलतभावानं दगा दिला. जारच्या पाण्यातला दुकानी तुकडा पांढराधोट. आमचा, जरासा, अगदी जरासा पिवळट.

तो कुणाच्या लक्षात आला नसता. आबा तर म्हणालेच, झालं मग, पाण्याचाच डाव. मॅडमनी तो तुकडा उन्हात धरला. म्हणाल्या, चुका दोन आहेत. मोठी पाण्याची, लहान आमची. आमच्या मालाला कारखान्यातच लोखंड लागलंय. त्यानं विषबाधा होणार नाही, पण जेवढं पीठ लोखंडाला चिकटलं तेवढं ऊन अडवणार नाही, आणि ते किती चिकटलं हे मला माहीत नाही. जे मला माहीत नाही ते तुमच्या तोंडाला लागायला नको. सगळा माल परत नेते.

‘आमची’ म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हौसाबाई एवढ्यावर सोडणारी नव्हती. “ते कापडाचं झालं वो. आमच्या रगताचं सांगा. हे आत जातंय का न्हाई?”

मला वाटलं आता मॅडम ‘नाही जात’ म्हणतील आणि सुटतील. त्या दगडावर बसल्या, हौसाबाईलाही बसवलं. म्हणाल्या, जातं. यातल्या काही वस्तू थोड्या प्रमाणात कातडीतून रक्तात उतरतात, हे तपासणीत दिसलंय. त्यानं अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. कधीच काही होणार नाही असंही मी सांगणार नाही, अभ्यास चालू आहे. म्हणून तर किती घालायचं याला सरकारी मर्यादा आहे, तुमच्या आबांच्या द्राक्षाला असते तशी. पण उन्हानं कातडीचं काय होतं त्यात मात्र शंका नाही. तेव्हा पहिला भरवसा शर्टावर आणि डोक्याकानाच्या टापशीवर, क्रीम त्याच्या मागून. आणि मनात किंतू असेल तर जस्ताचं पांढरं लावा, ते रक्तात जवळजवळ उतरत नाही. फक्त दिसतं पांढरंफटक.

“दिसूं द्या की,” हौसाबाई म्हणाली. “द्राक्षाच्या मांडवाखाली आमाला बघायला कोण येतंय?”

सगळ्या हसल्या. मग तिनं विचारलं, तुमी स्वतः काय लावता? मॅडम म्हणाल्या, हेच, रासायनिक, रोज. माझी आई अशाच बागेत कामाला होती, तिला काहीच मिळालं नव्हतं. हौसाबाईनं त्यांच्या गालाकडे एकदा नीट बघून घेतलं, म्हशीचे दात बघावेत तसं, आणि मान हलवली. मग तिनंच त्या डागलेल्या कॉलरवर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकायला सांगितलं. लोखंडाचा डाग असाच जातो, एवढं तुमच्या कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय, असं वर. लॅबमधल्या सगळ्या बाटल्यांनी जे झालं नसतं ते लिंबानं झालं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका बागेत गेल्या. सूनबाईंनी नंतर जस्ताचंच क्रीम काढलं. अजून आमच्याकडेच बनतं आणि मीच बनवतो. तासगावच्या बाजूला पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या बायका दिसल्या तर तो माझा माल समजा.

आता जे सांगायला जड जातं ते. माल परत आला म्हणजे मालक विचारणारच. मी मॅडमना म्हणालो, मी जातो, सांगतो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, तू सांगितलंस तर गेट दाखवतील, तू ठेकेदाराचा माणूस, तुझ्यासाठी कुणी कागदसुद्धा खराब करणार नाही. मी सांगितलं तर मेमो मिळेल. आणि रंग पास मीच केलाय, तेव्हा मी काही खोटं लिहीत नाही. फक्त अर्धं लिहितेय.

त्यांनी लिहिलं, रंगातला फरक तपासणीत निसटला. खाली सही. मेमो मिळाला. त्या वर्षी कारखान्याचं नवं युनिट सुरू झालं. तिथल्या प्रमुखाच्या जागेसाठी सगळे त्यांचंच नाव घेत होते. ती जागा दुसऱ्याला गेली. त्यांनी त्या दिवशी नेहमीसारखा डबा खाल्ला आणि मला विचारलं, पाण्याचं तापमान किती झालं रे. दोन महिन्यांनी माझा पर्मनंटचा कागद आला. मी पेढे घेऊन गेलो तर एक उचलला आणि म्हणाल्या, गावाकडे फोन कर आधी.

मी केला. बाबा म्हणाले, मी म्हटलं नव्हतं का.

सात वर्षं मी गप्प आहे. पहिली दोन वर्षं भीतीनं. नंतर लग्न झालं, पोरगी झाली, भीतीला नवी कारणं मिळाली. पुढं पुढं तर मला वाटू लागलं की आता इतक्या उशिरा सांगणं बरं दिसत नाही. हुशारीनं गप्प राहणं मला नववीतच शाळा सोडूनही चांगलं जमलं. मॅडमनी कधी एका शब्दानं आठवण करून दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं.

येत्या मार्चमध्ये त्या निवृत्त होतायत. फाइल बंद होताना तो मेमो आत तसाच राहणार.

संपादकांनी कामातला एखादा अनुभव लिहा म्हटलं तेव्हा मी सुभेदारांच्या नाकावर लिहिणार होतो. लिहायला बसलो आणि हे लिहून झालं. आमचे मालक मराठी फाडफाड बोलतात, पण त्यांचं शिक्षण बाहेर झालंय, वाचायला जमत नाही त्यांना. म्हणजे हा अंक त्यांच्या टेबलावर वर्षभर पडून राहिला तरी मला काही धोका नाही, हा विचार माझ्या डोक्यात आधी येऊन गेला, हे कबूल करतो. मग दुसरा आला. मॅडम, मार्चच्या आत, एक दिवस, कुठला ते आत्ता विचारू नका, मी हा अंक घेऊन मालकांच्या केबिनमध्ये जाईन, उभ्यानंच, आणि पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवीन. उलथन्यापर्यंत पोचेपर्यंत थांबणार नाही.